टिल्ट टेस्टला जाताना

आमच्या खोलीत टिल्ट टेस्टसाठीचा एक अरुंद पलंग आहे. पायथ्याशी पाय टेकवायला फळी, आडवे तीन रुंद पट्टे आणि खाली मोटर. बटण दाबलं की झोपलेला माणूस पलंगासकट हळूहळू उभा होतो. मी हृदयरोग विभागात तंत्रज्ञ आहे आणि या पलंगाशेजारी उभं राहणं हे माझं काम. आत येणाऱ्याचा चेहरा बघितला की कळतं, याला रात्री झोप लागलेली नाही. "शॉक देणार का?" "उलटं टांगणार का?" हे प्रश्न रोजचे. यातलं काहीही होत नाही. पण काय होतं, तेही आधी कुणी नीट सांगितलेलं नसतं. म्हणून हे लिहिते आहे, चक्कर येऊन पडणाऱ्यांसाठी आणि तितकंच त्यांच्या घरच्यांसाठी.

आधी 'चक्कर' म्हणजे काय ते ठरवा

आपल्याकडे चक्कर हा एकच शब्द चार ठिकाणी चालतो. घर गरगर फिरतं ती चक्कर, उपासाच्या दिवशी हातपाय गळतात तीही चक्कर, चालताना तोल जातो तीही चक्कर, आणि माणूस कोसळून शुद्ध हरपते तीसुद्धा चक्करच. डॉक्टरांपुढे बसून "हिला चक्कर येते" एवढंच सांगितलं तर तपासण्या भलत्याच दिशेला जाऊ शकतात. गरगरण्याचं मूळ बहुतेक वेळा कानात असतं, त्यासाठी हा पलंग नाही.

टिल्ट टेस्ट मुख्यतः शेवटच्या प्रकारासाठी आहे: शुद्ध अचानक जाते, थोडाच वेळ जाते, आणि माणूस आपोआप पूर्ण भानावर येतो. डॉक्टर याला सिंकोपी म्हणतात. कारण एकच, मेंदूला काही सेकंद पुरेसं रक्त मिळत नाही. ते का मिळत नाही, हा खरा प्रश्न.

आपण उभे राहिलो की साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांत आणि पोटात उतरतं. निरोगी शरीर हे लगेच सावरतं. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांना दाब कमी झाल्याचं कळतं, नाडी थोडी वाढते, खालच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. काही जणांत मात्र बराच वेळ उभं राहिल्यावर, उकाड्यात, रक्त बघून किंवा सुई टोचताना हे सगळं उलटं फिरतं. रक्तवाहिन्या सैल पडतात, व्हेगस नावाची नस (मज्जातंतू) हृदयाला लगाम घालते, रक्तदाब कोसळतो आणि पाठोपाठ माणूसही. 'व्हॅसोव्हेगल' हे नाव या प्रकारासाठी १९३२ साली ब्रिटिश हृदयरोगतज्ज्ञ थॉमस लुईस यांनी रूढ केलं. शाळेच्या प्रार्थनेत, १५ ऑगस्टच्या झेंडावंदनाला, लोकलच्या गर्दीत, देवळाच्या रांगेत कोसळणारी बहुतेक तरुण मंडळी यातली.

१९८६ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉस्पिटलमधल्या केनी, इंग्रॅम, बेलिस आणि सटन या डॉक्टरांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक लेख लिहिला आणि तिथून टिल्ट टेस्ट या कामासाठी रुजली. विचार साधा होता. माणूस पुन्हा कधी पडेल याची वाट बघत बसण्यापेक्षा देखरेखीखाली, पट्ट्यांत सुरक्षित असताना त्याला पडण्याच्या जवळ न्यावं आणि त्या वेळी नाडी आणि रक्तदाब काय करतात ते बघावं.

पाहणाऱ्याला सोबत न्या

सगळ्यात महत्त्वाची तयारी हीच, आणि नेमकी हीच राहून जाते. पडणाऱ्याला काहीच आठवत नसतं. जे घडलं ते दुसऱ्या कुणीतरी पाहिलेलं असतं: आईने, वर्गातल्या मैत्रिणीने, शेजारच्या दुकानदाराने. त्या माणसाला सोबत आणा. आणता येत नसेल तर त्याला फोन करा आणि पुढच्या गोष्टी विचारून लिहून घ्या.

पडण्याआधी तो काय करत होता? उभा होता, बसला होता, पळत होता की झोपला होता? आधी घाम, मळमळ, जांभया, डोळ्यांपुढे अंधारी असं काही आलं का, की काहीच न कळता कोसळला? चेहरा पांढराफटक पडला की निळसर? डोळे उघडे होते की मिटलेले? हातपाय झटकले का, आणि झटकले तर किती वेळा? जीभ चावली का, आणि चावली असल्यास टोकाला की कडेला? भानावर यायला किती वेळ लागला, आणि आल्यावर लगेच माणसं ओळखली की बराच वेळ गोंधळलेला होता?

प्रत्येक प्रश्नामागे कारण आहे. साध्या बेशुद्धीत डोळे बहुतेक वेळा उघडे आणि वर फिरलेले असतात. हातपायांचे झटके बेशुद्धीतही येतात, पण मोजके, बहुधा १० पेक्षा कमी. फेफऱ्याच्या झटक्यात ते २० च्या वर, लयीत आणि जास्त वेळ चालतात, जीभ कडेला चावली जाते, नंतर बराच वेळ माणूस भांबावलेला राहतो. एवढा फरक लक्षात न घेतल्यामुळे किती नुकसान होतं ते मी पाहिलं आहे. आमच्याकडे आलेली एक बाई आठ वर्षं फेफऱ्याच्या गोळ्या घेत होती. गोळ्या सुरू करणाऱ्यांनी तिच्या आईला झटके किती आले होते, हे एकदाही विचारलं नव्हतं. त्या आठ वर्षांत तिचं ठरलेलं लग्न मोडलं. आमच्या पलंगावर ती उभी केल्यावर बाविसाव्या मिनिटाला कोसळली, हाताला तीन झटके आले, आणि आडवी केल्यावर अर्ध्या मिनिटात तिने मला नावाने हाक मारली. तरीही गोळ्या त्याच दिवशी बंद केल्या नाहीत. मेंदूविकारतज्ज्ञांनी सगळं पुन्हा तपासून त्या हळूहळू कमी केल्या. तुम्हीही मनाने गोळी बंद करू नका.

पुन्हा कधी असं घडलं आणि सोबत दुसरं माणूस असेल, तर एकाने रुग्णाला सांभाळावं आणि दुसऱ्याने मोबाइलवर चित्रण करावं. ते वाईट दिसेल असं वाटतं, पण डॉक्टरांना त्या अर्ध्या मिनिटातून जे कळतं ते तासभर बोलूनही कळत नाही.

या पलंगाची वाट बघत थांबू नये असे काही जण

पळताना किंवा जिना चढत असतानाच शुद्ध गेली, झोपलेलं असताना गेली, आधी छातीत धडधड किंवा दुखणं होतं, हृदयाचा आजार आधीपासून आहे, किंवा घरात कुणी तरुण वयात अचानक गेलेलं आहे, तर आधी हृदय नीट तपासून घ्यायचं. ईसीजी, इको (हृदयाची सोनोग्राफी), गरज पडली तर २४ तासांचा किंवा त्याहून जास्त दिवसांचा होल्टर, म्हणजे अंगावर लावून फिरायचा ईसीजी. तसंही ईसीजी आणि झोपून-उभं राहून मोजलेला रक्तदाब या दोन साध्या गोष्टी टिल्ट टेस्टच्या आधी प्रत्येकाच्या व्हायलाच हव्यात. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा दाब २० ने किंवा खालचा १० ने उतरत असेल, तर उत्तर तिथेच मिळालेलं असतं. वयस्कर मंडळींत ते रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांमुळे असू शकतं आणि पलंगाची गरजच पडत नाही.

हृदयाची झडप फार अरुंद झालेली असेल किंवा हृदयाच्या वा मेंदूच्या मुख्य रक्तवाहिनीत गंभीर अडथळा असेल, तर ही तपासणी सहसा करत नाहीत. गर्भारपण असेल किंवा शंका जरी असेल, तरी आधी सांगा.

आदल्या दिवशी आणि निघताना

दोन ते चार तास पोट रिकामं हवं. रात्रीपासून उपाशी राहायची गरज नाही, उलट आदल्या दिवशी पाणी नेहमीसारखं प्या. तहानलेलं शरीर घेऊन आलात तर निकालावर परिणाम होतो. मधुमेह असेल, विशेषतः इन्सुलिन घेत असाल, तर वेळ ठरवतानाच तसं सांगा. सकाळचा चहा आणि कॉफी टाळा.

गोळ्यांची यादी, शक्य तर पाकिटंच, पिशवीत घालून आणा. काही गोळ्या थांबवायच्या असतात, काही मुद्दाम चालू ठेवायच्या असतात, ते डॉक्टर ठरवतात. पुरुषांसाठी एक गोष्ट स्पष्टच लिहिते, कारण समोरासमोर कुणी बोलत नाही. लैंगिक क्षमतेसाठी सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिलसारखी गोळी गेल्या दोन-तीन दिवसांत घेतली असेल तर सांगाच. तपासणीत नायट्रोग्लिसरीन हे रक्तवाहिन्या सैल करणारं औषध देतात आणि या दोन औषधांची गाठ पडली तर रक्तदाब धोकादायक खाली जातो. खोलीत आम्ही हे रोज ऐकतो, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

सलवार-कुर्ता, सैल पँट-शर्ट असे कपडे घाला. साडीवर पट्टे नीट बसत नाहीत. छातीला तेल किंवा पावडर लावू नका, ईसीजीच्या चिकट्या सुटतात. आत जाण्यापूर्वी लघवीला जाऊन या. घरी जाताना स्वतः स्कूटर किंवा गाडी चालवायची नाही, म्हणून सोबत कुणीतरी हवंच.

पलंगावर

खोली शांत आणि थोडी अंधारी असते. आधी तुम्हाला झोपवतात, छातीला ईसीजीच्या तारा लावतात. रक्तदाबासाठी दंडाला पट्टा असतो, काही ठिकाणी बोटालाही छोटं कडं लावतात, ते प्रत्येक ठोक्याला दाब मोजतं. हातात सुई घातली तर २० मिनिटं पडून राहावं लागतं, नाही घातली तर ५ मिनिटंही पुरतात. सुईचा परिणाम ओसरू द्यायचा असतो, कारण काहींची शुद्ध सुईनेच जाते.

मग छातीवर, मांड्यांवर आणि गुडघ्यांवर पट्टे बांधून पलंग ६० ते ७० अंशांपर्यंत उभा करतात. साधारण भिंतीला रेलून उभं राहिल्यासारखं वाटतं. मी या वेळी प्रत्येकाला सांगते: पाय हलवू नका, पोटऱ्या आवळू नका, आणि विनाकारण बोलू नका. चालताना किंवा चुळबुळ करताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. ती मदत इथे मुद्दाम काढून घेतलेली असते.

पहिली २० मिनिटं औषध नसतं. बहुतेकांना या काळात कंटाळा येतो, दुसरं काही होत नाही. त्यानंतर जिभेखाली नायट्रोग्लिसरीनचा फवारा किंवा गोळी देतात, ३०० ते ४०० मायक्रोग्रॅम, आणि आणखी १५ ते २० मिनिटं बघतात. या औषधाने डोकं ठणकतं, चेहरा गरम होतो, पण ते लवकर ओसरतं. काही ठिकाणी याऐवजी शिरेतून आयसोप्रेनालिन देतात. त्याने छाती धडधडते, जिना पळत चढल्यासारखं वाटतं.

काय होतं ते एका मुलाच्या बाबतीत सांगते. १९ वर्षांचा, कॉलेजात एनसीसीला, परेडमध्ये दोनदा कोसळलेला. वडील काचेपलीकडे उभे होते. औषध द्यायची वेळच आली नाही. बाराव्या मिनिटापर्यंत दाब ११८, नाडी ९६, पोरगा मजेत. तेराव्या मिनिटाला त्याने जांभई दिली. मी सावध झाले, कारण जांभई बऱ्याचदा पहिली येते. मग वरच्या ओठावर घामाचे थेंब, ओठ पांढरे. "ताई, पोटात कसंतरी होतंय." दाब ९२, मग ७०. नाडी ६०, ४१, आणि पडद्यावरची रेघ सरळ झाली. पाच सेकंद. त्याचे डोळे उघडे होते आणि वर गेले, मान एका बाजूला पडली, उजवा हात दोनदा झटकला. डॉक्टरांनी पलंग आडवा केला, रेघेवर ठोका उमटला, मग दुसरा. गालांवर रंग आला आणि तो म्हणाला, "झालं? परेडला असंच झालं होतं. आधी कानात सूं असा आवाज आला, तोच आवाज." काचेपलीकडून वडील आत आले आणि म्हणाले, "मीही हेच बघितलं होतं, अगदी असाच हात."

ही ओळख पटणं हा या तपासणीचा गाभा आहे. नुसतं कोसळणं पुरेसं नाही. "माझं असंच होतं" असं रुग्णाने म्हणायला हवं, किंवा पाहणाऱ्याने. म्हणून तपासणीच्या वेळी जे वाटेल ते लगेच सांगा, सहन करत बसू नका. आणि वाटेल ते आधीसारखं आहे की वेगळं, तेही सांगा.

शुद्ध गेली तर पलंग आडवा करताच बहुतेकांची अर्ध्या-एक मिनिटात परत येते. खोलीत डॉक्टर आणि आणीबाणीची सगळी औषधं असतात. गंभीर गुंतागुंत फार दुर्मिळ आहे. नंतर मात्र दिवसभर थकवा राहतो, त्या दिवशी सुट्टी घेतलेली बरी.

रिपोर्ट हातात आल्यावर

त्या मुलाच्या वडिलांनी संध्याकाळी रिपोर्ट वाचला आणि धावत आले. त्यात 'असिस्टोल' लिहिलं होतं, म्हणजे हृदय थांबलं. त्यांच्या हाताला कंप होता. म्हणून हे शब्द समजून घ्या.

रिपोर्टमध्ये प्रकार लिहितात. टाइप १ म्हणजे मिश्र: नाडी आणि दाब दोन्ही उतरले. टाइप २ मध्ये नाडी फार मंदावते; ती ३ सेकंदांपेक्षा जास्त थांबली तर २बी, नाही तर २ए. टाइप ३ म्हणजे मुख्यतः दाब कोसळला, नाडी फारशी नाही. मुलगा २बी होता. हा ठोका व्हेगस नसेने रोखला होता, हृदयात बिघाड नव्हता, आणि १९ व्या वर्षी त्यावर पेसमेकर बसवत नाहीत. पेसमेकरचा विचार होतो तो साधारण चाळिशीपुढच्या, वारंवार आणि कसलीही चाहूल न लागता पडणाऱ्या, असा ठोका थांबलेल्या रुग्णांत, तोही बाकीचे उपाय थकल्यावर.

काहींचा दाब टिकतो पण पहिल्या १० मिनिटांत नाडी ३० ने किंवा त्याहून जास्त वाढते आणि धडधड, थरथर, डोकं हलकं होणं सुरू होतं. किशोरवयात ही मर्यादा ४० धरतात. याला पॉट्स म्हणतात. यातल्या अनेक मुलींना वर्षानुवर्षं "टेन्शन घेतेस" एवढंच ऐकून घ्यावं लागलेलं असतं. पडद्यावर आकडा दिसला की त्या रडतात. मी त्यांना रडू देते.

कधी नाडी आणि दाब दोन्ही उत्तम असताना माणूस डोळे घट्ट मिटून निश्चल होतो. त्याचं मूळ मानसिक ताणात असतं. ते नाटक नव्हे, हे घरच्यांनी आधी लक्षात घ्यावं. त्यालाही उपचार आहेत आणि उत्तर सापडल्यामुळे पुढच्या निरर्थक तपासण्या वाचतात.

आणि दोन्ही बाजूंची मर्यादा: काहीच झालं नाही म्हणून व्हॅसोव्हेगल नाही असं होत नाही. त्याचप्रमाणे, कधीही न पडलेल्या निरोगी माणसांपैकीही काही जण या पलंगावर पडतात, आणि हृदयाच्या आजाराने पडणाऱ्यांतही टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून रिपोर्ट एकटा वाचायचा नाही, तुम्ही लिहून नेलेल्या हकिकतीशेजारी ठेवून वाचायचा. तरीही उत्तर लागलं नाही तर छातीच्या कातडीखाली बसवायचा छोटा रेकॉर्डर असतो, तो सुमारे तीन वर्षं नोंद ठेवतो.

घरी

व्हॅसोव्हेगल असेल तर बहुतेकांना औषधाची गरज पडत नाही. दिवसाला २ ते ३ लिटर पाणी प्या. रक्तदाब, मूत्रपिंड आणि हृदय ठीक असेल तर डॉक्टर मीठही वाढवायला सांगतात, पण ते मनाने करू नका. निर्जळी उपास टाळा. श्रावणात आणि चातुर्मासात आमच्याकडे येणाऱ्यांना मी हे हात जोडून सांगते. एकादशीला पाणी, ताक, शहाळं घ्या.

चाहूल लागली की, म्हणजे जांभई, घाम, कानात आवाज, अंधारी, लगेच खाली बसा किंवा आडवे व्हा. लोक काय म्हणतील याचा विचार तेव्हा नको. आडवं होणं शक्य नसेल तर पायाची अढी घालून मांड्या आणि पोट घट्ट आवळा, किंवा दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोराने बाहेर ओढा. यामुळे रक्त वर ढकललं जातं आणि बऱ्याचदा पडणं टळतं. घरी रोज थोडा सराव करा, म्हणजे वेळेवर आठवेल. फार वारंवार होत असेल तर मिडोड्रिन किंवा फ्लुड्रोकॉर्टिझोनसारखी औषधं डॉक्टर विचारात घेतात. दुचाकी, चारचाकी चालवणं, उंचावर काम, एकट्याने पोहणं यांबद्दल मात्र त्यांना स्वतःहून विचारा, कारण गर्दीच्या ओपीडीत हे विषय राहून जातात.

घरच्यांनो, तुमच्याकडून होणारी मोठी चूक म्हणजे पडलेल्या माणसाला उचलून खुर्चीत बसवणं. तो पडलाय ते रक्त डोक्याकडे जावं म्हणून. बसवलंत की ते पुन्हा खाली जातं आणि बेशुद्धी लांबते. सपाट झोपू द्या, पाय उशीवर किंवा पिशवीवर उंच ठेवा, गळ्याशी कपडे सैल करा, वारा येऊ द्या. पूर्ण भानावर येईपर्यंत तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. भानावर आल्यावरही दहा मिनिटं तसंच पडून राहू द्या, मग बसवा, मग उभं करा. दोन मिनिटांत शुद्ध आली नाही, छातीत दुखतंय, श्वास नीट चालत नाही, बोलणं अडखळतंय किंवा डोक्याला मार लागलाय, तर १०८ ला फोन करा.